चुका ऐकवणारा वाटाड्या

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्याबाई, वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे उपमहापौर साहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि नात्याने माझे धाकटे दीर, आमच्या गल्लीतले यच्चयावत गाणारे-वाजवणारे, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सर्व रसिक बंधू-भगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. माझ्याआधीच्या वक्त्यांनाही दोनच शब्द सांगितले होते, आणि ते किती वेळ चालले हे आपण सोसलं आहे. तेव्हा मी खोटं आश्वासन देत नाही. माझे थोडे जास्त होतील.

आधी एक दुरुस्ती. निवेदिकेने माझी ओळख ‘ज्येष्ठ संगीतप्रेमी’ अशी करून दिली. ज्येष्ठ हे कबूल आहे. दुसऱ्या शब्दाबद्दल मात्र इथे बसलेले निम्मे लोक मनात हसले असतील. मी गल्लीच्या तोंडाशी लाँड्री चालवते, आणि मला सुरातलं काडीचं कळत नाही. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “तू काय वाजवतेस?” मी म्हटलं, “काही नाही.” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “असू दे. घरात एखादं माणूस ऐकायलाही लागतं.” तेव्हापासून मी ऐकते आहे. ऐकून काही कळलं असं नाही, पण सवय झाली.

या व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी आहे, ती तुम्ही पाहिली असेल. ती सत्कारमूर्तींच्या थोरल्या बंधूंची. म्हणजे माझ्या यजमानांची. मी त्यांना घरी यजमान वगैरे म्हणत नाही, पण माईकसमोर माणूस असं बोलतो. हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, ही गोष्ट शहराला ठाऊक आहे आणि गेल्या तासाभरात ती सगळ्या वक्त्यांनी मोठ्या कौशल्याने टाळली. मी टाळणार नाही, कारण संध्याकाळच्या गाडीने भाऊजी लेकीकडे जाणार आहेत, ते कायमचे. त्यांचे गुडघे आता रस्ते मानत नाहीत. लेकीचं गाव शांत आहे म्हणे. आमच्या शहरातल्या माणसाला शांत गाव सांगणं म्हणजे काय, हे तिला कोणी समजावलं नसावं.

असो. आधी सत्कारमूर्तींच्या कामाबद्दल बोलते, म्हणजे रीत पाळल्यासारखं होईल.

भाऊजींना सगळं शहर ‘वाटाड्या’ म्हणतं. बाहेरगावची माणसं स्टेशनवर उतरतात. आमच्या शहराची ख्याती त्यांच्या कानावर असते, आणि उतरल्या उतरल्या ती मोठ्या नाट्यगृहाचा पत्ता विचारतात. दुसरा कोणी असता तर त्यांना थेट तिथे नेऊन सोडलं असतं. भाऊजी त्यांना म्हणायचे, “तिकीट खिशात ठेवा, संध्याकाळी जा. सकाळी मात्र माझ्याबरोबर मागच्या दाराला या.”

मागच्या दाराला काय असतं? सामानाचे ट्रक, तुटक्या खुर्च्यांचा ढीग आणि भिंतीत वर एक झरोका. त्या झरोक्यातून वाद्यवृंदाचा सराव ऐकू येतो. तो काही सलग नसतो. चार सूर वाजतात आणि आतून आवाज येतो, “पुन्हा.” परत तेवढंच वाजतं, परत “पुन्हा.” एकदा एक नवरा-बायको होते. नवरा वैतागला. म्हणाला, “आम्ही एवढ्या लांबून हे ऐकायला आलो का?” भाऊजी म्हणाले, “थोडं थांबा.” त्याच संध्याकाळी ते जोडपं नाट्यगृहातून परत येताना लाँड्रीपाशी आलं, भाऊजींचा पत्ता विचारत. कार्यक्रमात तो तुकडा आला तेव्हा म्हणे दोघे एकदम ताठ बसले. बाई मला सांगत होत्या, “बाकी सगळं सभागृह नुसतं ऐकत होतं हो. आम्हाला ते कसं जुळलं ते माहीत होतं.” आणि नवऱ्याचा चेहरा असा होता, जसा काही तो तुकडा त्यानेच बसवून घेतला होता.

तर हे शहर बघायचं कसं, याचं भाऊजींचं शास्त्र असं. तयार गाणं कुठेही मिळतं. इथे यायचं ते गाणं तयार होताना ऐकायला.

मग ते वाद्य-दुरुस्तीच्या रस्त्याने न्यायचे. तिथल्या प्रत्येक दुकानाची स्वतःची एक छोटी धून आहे. वाद्य नीट झालं की गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी दुकानदार तीच धून वाजवून बघतो. भाऊजी पाहुण्यांना डोळे मिटून चालायला लावायचे आणि विचारायचे, आता आपण कोणाच्या दुकानासमोर आहोत? पाहुणे एकमेकांवर आपटायचे, पण खूश असायचे. मग दुपारी बस डेपो. गाड्या धुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालक आणि वाहक मिळून गातात. पत्र्याखाली आवाज घुमतो म्हणून त्यांनी ती जागा धरली. ऐन गाण्यात एखाद्याच्या गाडीची वेळ होते, तो गातगात गाडीत चढतो आणि निघून जातो. बाकीचे थांबत नाहीत. भाऊजी पाहुण्यांच्या कानाशी सांगायचे, “आता तो जिथे होता तिथे ऐका.” मी एकदा गेले होते ऐकायला. खरंच तिथे एक भोक पडलेलं कळतं. मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल.

त्यांचे नियमही साधे होते. मऊ तळव्यांचे बूट. खिडकीखाली उभं राहायचं, पण वर बघायचं नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणि वाजवणारा मध्येच थांबला तर निघून जायचं नाही. “थांबला म्हणजे अडला,” ते म्हणायचे. “आता तो जे करील ते ऐकण्यासारखं असेल.”

आणि सगळ्यात शेवटी आमची गल्ली. नव्या लोकांसाठी सांगते. आमच्याकडे जो सराव करतो तो खिडकी उघडी ठेवतो. तसा कुठे नियम लिहिलेला नाही, पण कोणाची खिडकी बंद दिसली की शेजारी डबा घेऊन जातात. घरात आजारपण असणार किंवा भांडण असणार, असं धरून चालतात. अशा त्या गल्लीत भाऊजी माणसं आणून उभी करायचे. वर ट्रम्पेटवाला एकाच उंच सुराच्या उडीवर तासभर आपटत असायचा, तिसऱ्या मजल्यावरच्या गायिकाबाई एकच ओळ उलटीपालटी करत असायच्या, आणि समोरच्या, म्हणजे या सभागृहाच्या अगदी समोरच्या पहिल्या मजल्यावर, माझ्या लाँड्रीच्या वर, माझे यजमान क्लॅरिनेट वाजवत असायचे. ते नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात होते. पाहुण्यांना आमची गल्ली फार आवडायची, आणि तिथूनच बिघडलं.

त्याचं काय झालं, गल्लीला कळलं की आपल्याला ऐकायला लोक येतात. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण माणसं घरात सराव करायला इस्त्रीचे शर्ट नेऊ लागली. ट्रम्पेटवाल्याने खिडकीत फुलांच्या कुंड्या मांडल्या. गायिकाबाई, रागावू नका, पण तुम्ही पावडर लावून रियाजाला बसायचात. वाटाड्याची यायची वेळ झाली की जो तो आपलं घोटलेलं, पाठ झालेलं, बक्षीस मिळवलेलं काहीतरी काढायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं गुळगुळीत. माझा धंदा त्या दिवसांत बरा चालला, तेव्हा तक्रार करणं मला शोभत नाही.

एका सकाळी भाऊजी पाहुणे घेऊन आले. आमच्या खिडकीखाली उभे राहिले. वर यजमानांनी, त्या वर्षी ज्या वादनाचं सगळीकडे कौतुक झालं होतं, तेच काढलं होतं. भाऊजींनी थोडं ऐकलं आणि पाहुण्यांना म्हणाले, “चला. इथे आता ऐकण्यासारखं काही राहिलं नाही.”

हळू म्हणाले. पण ते आमच्या गल्लीत म्हणाले, आणि आमच्या गल्लीत खिडक्या उघड्या असतात.

वरून वाजणं थांबलं. भाऊजींचा नियम असा की थांबलं की जायचं नाही. त्या दिवशी ते गेले. यजमानांनी खिडकी लावून घेतली आणि ती पुन्हा उघडली नाही. शेजारी डबे घेऊन आले, ते मी परत पाठवले. कारण आजारपण नव्हतं, आणि भांडणाला डबा चालत नाही. भाऊजींनीही गल्ली सोडली. त्यांची वाट आता डेपोवरून परस्पर नदीकडे वळायला लागली.

दोघांचंही काही अंशी बरोबर होतं, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर मला दोघांचाही राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. एकाने खरं बोलायला सगळ्यात वाईट जागा निवडली. दुसऱ्याने ते खरं असल्यामुळेच मनाला लावून घेतलं.

गल्लीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. वाटाड्या येईना म्हटल्यावर सगळे हवालदिल झाले. मग इथेच, याच सभागृहात बैठक झाली. प्राचार्याबाई, तुम्हीच अध्यक्ष होतात. ठरलं काय, तर सगळ्यांनी थोडं थोडं चुकायचं. म्हणजे वाटाड्याला गल्ली पुन्हा आवडेल. आणि ही मंडळी खरोखर चुकायचा सराव करायला लागली हो. ट्रम्पेटवाला तर चूक नीट यावी म्हणून भल्या सकाळपासून बसायचा. माझ्यासारखीला आधीचं आणि नंतरचं सारखंच वाटत होतं, पण गल्लीला मोठी आशा होती.

भाऊजी माझ्याकडे शर्ट न्यायला यायचेच. भावाशी अबोला होता, शर्टांशी नव्हता. एके दिवशी ते काउंटरशी उभे असताना वरून ट्रम्पेटचा आवाज आला. त्यांनी मान तिरकी केली. मग एवढे हसले, एवढे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, “वहिनी, त्याला सांगा, चूक अशी ठरल्या जागी येत नसते. आणि आली तर तिच्या आधी माणूस असा श्वास घेत नाही.” मी सांगितलं. ट्रम्पेटवाला आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

शर्टाची घडी घेताना भाऊजींनी नेहमीसारखं विचारलं, “दादा कसा आहे?” मी म्हटलं, “वर आहे. जाऊन बघा.” ते म्हणाले, “नको. त्याने खिडकी लावलीय.” मी वर जाऊन सांगितलं, तर हे म्हणाले, “त्याला दार दिसत नाही का?” असे ते दोघे, आणि मधे मी, इस्त्री हातात घेऊन.

गेल्या हिवाळ्यात यजमानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हे पुष्कळांना माहीत आहे. बोलणं आणि चालणं सावरलं, हाताची बोटं मात्र मागे राहिली. दवाखान्यात भाऊजी आले होते. हे झोपलेले होते, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि तसेच गेले. जाग आल्यावर मी सांगितलं, “भाऊजी येऊन गेले.” यांनी विचारलं, “आत का नाही आला?” मी म्हटलं, “तुम्ही झोपला होतात.” हे म्हणाले, “मग उठवायचं.” आमच्याकडे प्रेम असं बोललं जातं. सवय नसेल तर ऐकू येत नाही.

भाऊजी, आता जे सांगते ते तुम्हाला माहीत नाही. इथे कोणालाच माहीत नाही. यांनी क्लॅरिनेट पुन्हा हातात घेतलंय. वाद्यवृंदातून तर निवृत्ती झाली आहे, मग कोणासाठी घेतलं, विचारू नका, मीही विचारलं नाही. पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून भोकांवर ठेवली, लहान मुलाची ठेवतात तशी. खिडकी बंद, दाराखाली ओला टॉवेल. मी म्हटलं, “टॉवेल कशाला? शेजाऱ्यांनी तुमचं काय नाही ऐकलं?” तर म्हणाले, “हे नाही ऐकलं.”

मी खाली इस्त्री करते आणि तो आवाज छतातून मला येतो. ज्या माणसाला आयुष्यभर मी न चुकता वाजवताना ऐकलं, तो आता नुसता चढत-उतरत साधे सूर वाजवतो आणि एकाच जागी अडतो. करंगळीशेजारचं बोट भोक पुरतं झाकत नाही, तिथून वारा निसटतो आणि वाद्य चिरकतं. मग थांबतात. मग परत. मला सूर कळत नाहीत हे सांगितलंच. पण त्या जागेशी आले की माझी इस्त्री थांबते, आणि दोन कॉलर त्यापायी करपल्या आहेत. कोणाच्या ते इथे सांगत नाही. मला ते ऐकवत नाही आणि ते बंद पडलं तर मी काय करीन तेही कळत नाही. एवढं सांगून पुढे जाते.

आज सकाळी मी म्हटलं, “सत्काराला चला. खुर्ची ठेवली आहे.” हे म्हणाले, “मला रियाज आहे.”

“बरं.”

“तो संध्याकाळी जाणार ना?”

“हो. गाडीने.”

मी म्हटलं, “सभागृह आपल्या समोर आहे. भाषण संपताना मी तिथल्या खिडक्या उघडायला सांगणार आहे. आपल्या खिडकीचं तुमचं तुम्ही बघा.”

हे म्हणाले, “त्याला ऐकवण्यासारखं माझ्याकडे आता काही नाही.”

मी म्हटलं, “अहो, म्हणूनच तर सांगतेय.” आणि बॅग उचलून इकडे आले. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं की हे माणूस हट्टाला पेटतं.

अध्यक्षबाई, आता तुमच्या परवानगीने एक विनंती करते. ते थंड हवेचं यंत्र बंद करायला सांगता का? आणि रस्त्याकडच्या खिडक्या उघडायला? भिंतीशी उभे असलेल्यांनी मदत करा, त्या कड्या फार घट्ट आहेत. हां, ती कोपऱ्यातलीही. धन्यवाद. थोडं उकडेल. उपमहापौर साहेबांनी शर्टाची काळजी करू नये, मी इथेच आहे.

आता सगळ्यांनी भाऊजींचे नियम पाळायचे. बोलायचं नाही. मान वळवून समोरच्या घराकडे बघायचं नाही. मीही कागदाकडेच बघते आहे.

ही बस गेली.

हे कोणीतरी भांडी लावतंय.

मी काही वचन दिलेलं नाही, हे लक्षात असू द्या. कदाचित काहीच ऐकू येणार नाही, आणि मग मी आभार मानून खाली बसेन.

…

नाही, टाळ्या नकोत. हात खाली घ्या, कृपा करून.

थांबलं. थांबू द्या. कोणी चुळबूळ करू नका.

हां. परत तिथूनच. आता वर चढतील, आणि आता ती जागा येईल, ते बोट… चिरकलं. ऐकलंत ना? रोज तिथेच. ट्रम्पेटवाले, तुम्ही डोळे का पुसताय, तुम्हाला तर नीट कळत असेल.

भाऊजी, तुम्ही उठलात. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवा, मी आणीन. प्राचार्याबाई, मानपत्राचं वाचन राहिलंय हे मला ठाऊक आहे, पण त्यांना जाऊ द्या. बाजूच्या पायऱ्यांनी उतरा भाऊजी, गुडघे सांभाळा. आणि लगेच वर जाऊ नका. आधी खाली उभे राहा, खिडकीखाली, तुम्ही लोकांना उभं करायचात तसे. दार उघडंच असेल.

तर सत्कारमूर्तींच्या अनुपस्थितीत मी माझं भाषण आवरते. अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे, उकाडा सोसून बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पदरात घ्या. समोरच्या खिडकीतून जे चुकतंय, त्याबद्दल मात्र मी कोणाची क्षमा मागणार नाही. ते ऐकायला खाली माणूस उभा राहिला आहे.